दोन बटणांची पिशवी

सोमवार, ४ मार्च

ही मापाची वही. मागची चाळीसेक पानं कोरी राहिली होती, ती वाया कशाला घालवा म्हणून लिहायला बसलो. नर्सने रोज भरायला छापील तक्ता दिलाय : वजन, बीपी, पाणी आत किती गेलं, बाहेर किती आलं. तो तक्ता बायकोच्या, म्हणजे हिच्या पोटाचा. ही वही माझ्या डोक्याची. हिला दाखवायची नाही.

हिच्या दोन्ही किडन्या थकल्या. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं आणि चार-पाच तास मशीनला बांधून पडायचं. दुसरा, घरीच करायचं. पोटात एक नळी कायमची बसवायची, तिच्यातून दोन लिटर औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग बाहेर काढून नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, रोज, आयुष्यभर. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही म्हणाली, "घरी." मला वाटतं मशीनच्या सुया बघून घाबरली. अडतीस वर्षं सुयांशी खेळलेली बाई सुईला घाबरते, आता काय बोलायचं.

डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे बघू. जमलं तर घरीच चालू ठेवू, नाही जमलं तर हॉस्पिटलचं मशीन. मी म्हटलं, डॉक्टर, पंचेचाळीस वर्षं कोट शिवतोय, दोन लिटरच्या पिशवीचं काय एवढं!

नळी बसवून झाली, टाके सुकले. आता शिकवायला एक नर्स घरी येते. अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं. मी तिचं नाव टाचणी ठेवलंय.

बुधवार, ६ मार्च

आज तोंडावर पडलो.

पुढे दुकान, मागे आमची खोली. तयार कोट टांगायचा उंच स्टँड मागे नेला, त्याला पिशवी टांगली. खिडकी बंद, पंखा बंद, तिघांच्या तोंडाला मास्क. टाचणीने माझ्याकडून तीनदा हात धुवून घेतले. म्हटलं, "अहो, कापडाला डाग पडू नये म्हणून मी जन्मभर हात धुतोय." ती म्हणाली, "काका, ते कापडासाठी. हे पोटासाठी." आणि चौथ्यांदा धुवायला लावले.

मग नळीचं टोपण काढलं. पुढे काय झालं ते लिहायला लाज वाटते. माझा हात सवयीने सरळ तोंडाकडे गेला. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत धरतो ना, तसा. मधे मास्क होता म्हणून वाचलो. टाचणी अशी ओरडली की समोरच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला आमच्या पायरीवर आला. अख्खी पिशवी फेकून द्यावी लागली. ही मास्कच्या आत हसत होती, डोळ्यांवरून कळतं मला.

पिशव्या तीन जातींच्या. प्रत्येकीच्या तोंडाशी रंगीत कडी असते. पिवळी हलकी, हिरवी मध्यम, लाल कडक. जेवढी कडक तेवढं अंगातलं पाणी जास्त ओढून घेते. हिला दिवसा तीन पिवळ्या आणि झोपताना एक हिरवी. लालला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. टाचणीने भिंतीवर तक्ता चिकटवला, त्यावर रंगाची टिकल्यांएवढी कागदं. लहान पोरालाही कळेल असं सोपं आहे.

रविवार, १० मार्च

जमलं! टाचणी म्हणाली, "काका, हात चांगला आहे तुमचा, हलका आहे." उद्यापासून ती आठवड्यातून एकदाच येणार.

मी सगळी मांडामांड करतो, ही नुसती पिशवी काढून देते. मी हात पुढे करायचा अवकाश, हिने पिशवी ठेवलीच. दुकानातही हिचं तेच. डाव्या हाताच्या स्टुलावर बसून काज-बटण करायचं आणि मी नुसतं कापड उचललं की रीळ हातात ठेवायचं. रिळांच्या कपाटाला दुसऱ्या कुणी हात लावलेला हिला खपत नाही. एकदा मीच उठून रीळ काढलं तर म्हणाली, तुम्ही बसा हो, पसारा करता. हौस एकेकाची.

लेकीचा फोन आला. पुन्हा तेच, आईला माझ्याकडे पाठवा, निदान आठ दिवस. मी फोन हिच्या हातात दिला. ही नेहमीप्रमाणे म्हणाली, "दुकान आहे गं." लेकीच्या बाळंतपणातसुद्धा सकाळी जाऊन रात्री परत आली होती. मी कधी अडवलं नाही. हिलाच दुकान सोडवत नाही त्याला मी काय करू?

शुक्रवार, १५ मार्च

लेक फोनवर माझ्यावरच घसरली. "बाबा, आईच्या पोटात नळी आहे आणि तुम्ही तिला दोन-दोन किलोच्या पिशव्या उचलायला लावता?" खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजपासून हिने काडी उचलायची नाही. बायको आजारी आणि नवरा आयता हात पुढे करून बसलाय, हे शोभतं का?

दुपारी दुकान बंद ठेवून खोली आवरली. पिशव्यांचे खोके भिंतीला लागून पडले होते, गोदाम वाटत होतं. सगळे खोके फोडून रद्दीत टाकले. जुन्या अस्तरांचं कपाट रिकामं केलं आणि पिशव्या त्यात रंगाप्रमाणे लावल्या. डावीकडे पिवळ्या, उजवीकडे हिरव्या, वर लाल. बघत राहावं असं दिसतंय. हिला उठवून दाखवलं तर म्हणे, "खोके कशाला टाकलेत?" एक शब्द कौतुकाचा नाही.

रविवार, १७ मार्च

भांडण. कपाट उघडून बघतो तर हिने पिशव्या इकडच्या तिकडे केलेल्या. जवळजवळ निम्म्या. म्हटलं, "तुला उचलू नको म्हटलं ना?" तर म्हणाली, "नीट लावत होते." नीट! मी लावलेलं नीट नव्हतं? रागाच्या भरात सगळं उपसून पुन्हा लावलं, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या टेपला बांधली.

ही म्हणाली, "अहो, किल्ली मला द्या. पिशवी मी उचलणार नाही, नुसती दाखवीन." मी म्हटलं, "मला काय डोळे नाहीत?" त्यावर गप्प बसली. हिच्या गप्प बसण्याचा मला फार राग येतो, पण मग जेवताना माझ्याच ताटात भाजी वाढून दिली म्हणून मीही सोडून दिलं.

मंगळवार, १९ मार्च

एक झकास काम केलं. पिशवी पोटात सोडायच्या आधी कोमट लागते. गरम करायच्या यंत्रावर कोमट करून स्टँडला टांगेपर्यंत ती गार पडते आणि हिला आतून शहारा येतो. म्हणून पिशवीला आंगडं शिवलं. आत जाड अस्तर, मधे कापूस, बाहेर सुती. मापात असं बसलंय की पिशवीची कडीसुद्धा बाहेरून दिसत नाही. हिने विचारलं, "आत कुठली घातलीत?" म्हटलं, पिवळी. दुपारची नेहमी पिवळीच ना? म्हणाली, "एकदा काढून दाखवता?" म्हटलं, आता गार करू का? डोळे मीट आणि पड.

पडली बिचारी. ऐकते माझं आताशा.

शनिवार, २३ मार्च

हिचं वजन उतरतंय. पावलांची सूज पार गेली, घोटे दिसायला लागले. तक्त्यात रोज खाली खाली जाणारे आकडे लिहिताना बरं वाटतं. टाचणीने बघावं म्हणावं आता.

फक्त हिच्या पायांत वांब येतात. काल संध्याकाळी पोटरी धरून रडली. मी तेल लावून चोळत बसलो. पाय किती लहान आहेत हिचे! लग्नात बघितले होते तेवढेच. तक्रार करत नाही म्हणून मी कधी विचारत नाही, चूकच आहे माझी. पाय चोळता चोळता म्हटलं, तू मला हवी आहेस गं. असलं काही बोलायची आम्हाला सवय नाही. ही म्हणाली, "जरा वर चोळा, तिथे जास्त दुखतंय."

सोमवार, २५ मार्च

ही स्टुलावरून पडली.

बटण लावत होती. एकदम म्हणाली, "अहो, अंधारलं का?" आणि घसरली. सकाळचे अकरा वाजले होते. मी कापड टाकून धावलो. तोंड कोरडं, अंग गार. चष्मेवाल्याने टाचणीला फोन लावला. ती वीस मिनिटांत आली. बीपी बघून तिचा चेहराच बदलला. "वजन साडेतीन किलो उतरलंय काका! सूज कधीच संपली, आता अंगातलं पाणी चाललंय. पिशव्या कुठल्या लावताय?"

म्हटलं, तक्त्याप्रमाणे. कपाट उघडून दाखवलं. तिने पिशव्या मोजल्या, टेबलावर बोटाने हिशेब केला. आठ दिवसांत पिवळ्या चोवीस संपायला हव्या होत्या. संपल्या होत्या नऊ.

मी पुन्हा मोजायला घेतल्या. तेवढ्यात ही कॉटवरून म्हणाली, "माझ्याच सांगण्यावरून हिरव्या लावल्या. पाय सुजलेले वाटत होते म्हणून." मी बघतच राहिलो. अडतीस वर्षांत ही बाई माझ्याशी खोटं बोलली नाही, आणि आज तोंडावर ठोकून दिलं. म्हटलं, "खोटं बोलते ही! मी माझ्या हाताने पिवळ्या लावल्यात!"

टाचणी शांतपणे म्हणाली, "काका, मला एक पिवळी काढून द्या." दिली. तिने ती हातात धरली, कडी बघितली आणि बाजूला ठेवली. हिने मान खाली घातली. मग टाचणी दुकानात गेली, कपाटातली चार रिळं घेऊन आली आणि ती रंगाप्रमाणे लावा म्हणाली. बायको अशी पडलेली आणि या टाचणीला रिळांचा खेळ सुचतो! तरी लावली. तिने रिळं बघितली आणि मास्क काढून घाम पुसला.

हिला हॉस्पिटलात ठेवून घेतलंय, दोन-तीन दिवसांसाठी. सलाईन लावलं. आता बरी आहे. पण खोलीतून निघताना डॉक्टर म्हणाले, हे असं झालं तर घरचं बंद करावं लागेल.

मंगळवार, २६ मार्च

टाचणी म्हणाली होती, समोर जाऊन डोळे तपासून या. गेलो. चष्मेवाल्याने ठिपक्यांचं एक पुस्तक काढलं. "कुठला आकडा दिसतो?" म्हटलं, आकडा कुठे आहे, नुसते ठिपके आहेत. त्याने पान उलटलं. त्यातही ठिपके. नऊ पानं उलटली.

मग त्याने पुस्तक मिटलं. आम्ही वीस वर्षं रोज एकत्र चहा पितो. तो म्हणाला, "तुला हिरवा आणि पिवळा वेगळा दिसत नाही. तांबडा आणि तपकिरीही नाही. हे जन्मापासूनचं आहे." मी हसलो. म्हटलं, "अरे, मी टेलर आहे!" तो हसला नाही.

काखेत कळसा म्हणतात, तसं झालं. समोर चष्मेवाला, मी इथे, मधे फक्त रस्ता, आणि वीस वर्षांत डोळे म्हणून तपासले नाहीत.

घरी येऊन रिळांच्या कपाटासमोर बसलो. प्रत्येक रिळाच्या बुडाला बारीक कागद चिकटवलेला होता. हिच्या अक्षरात. मोतिया, पोपटी, विटकरी, शेवाळी. मी कधी रीळ उलटं करून बघितलं नव्हतं.

गुरुवार, २८ मार्च

हिला घरी आणलं. सकाळची पिशवी टाचणीने लावली. ती गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात." तोवर मी उस्तादाच्या हाताखाली होतो, दोरा तोच द्यायचा; आपलं दुकान नुकतंच उघडलं होतं. शाळेच्या मास्तरांची तपकिरी पँट होती, मी हिरव्या दोऱ्याने शिवली होती. मी झोपल्यावर हिने सगळी टीप उसवली आणि पुन्हा घातली. मास्तर पँट घेऊन गेले, मला पत्ता नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कात्री खाली ठेवली असती. हात सोन्याचा होता तुमचा. दोरा काय, मी देत होते की."

म्हटलं, "म्हणजे अडतीस वर्षं तू मला सांभाळून घेत होतीस. आणि मी समजत होतो की मी तुला सांभाळतो."

ही म्हणाली, "दोन्ही खरं आहे."

मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येत नाही. हिने मला सांगायला हवं होतं. आणि जीव जायची वेळ आली तरी हिने सांगितलं नाही, माझ्यावर येऊ नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. मेली असती तर? हिच्या जिवापेक्षा माझी अब्रू मोठी होती का? हे सगळं बोललो नाही. बोललो एवढंच, की जेवायला नको मला.

रविवार, ३१ मार्च

तीन दिवस अबोला. पण दिवसातून चारदा पोटात पाणी भरायचं असेल तर अबोला नीट धरता येत नाही. "हात धुतले?" "धुतले." "नळी." "हं." "पिवळी आहे, बघितली मी." "हं." दर वेळी अर्धा तास समोरासमोर बसायचं, तोंडाला मास्क, खिडकी बंद. आज तिसऱ्या पिशवीला ही म्हणाली, "मास्कमध्ये फुगलेले गाल चांगले दिसतात तुमचे." मला हसू आलं. हसलो की संपलं.

गुरुवार, ४ एप्रिल

टाचणी आली होती. ही झोपली होती, म्हणून आम्ही पुढे दुकानात बसलो. मी विचारलं, "काय ठरवलं डॉक्टरांनी?"

म्हणाली, "ठरवायचं तुम्ही दोघांनी. काका, पिशवी बदलायला मी कुणालाही चार दिवसांत शिकवते. पण घरातली प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते, ती बदलायला लोक तयार नसतात. त्याला वेळ लागतो. काकूंना तुम्हाला सांगता आलं नाही, तुम्हाला विचारता आलं नाही. हे असंच राहणार असेल तर हॉस्पिटलचं मशीन बरं. तिथे निदान कुणाला कुणापासून काही लपवायचं नसतं."

टोचलं. टाचणीच ती.

मग मी हळूच विचारलं, "हिने घरचं का निवडलं? सुईला घाबरून ना?" टाचणी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे मला का विचारताय?"

शुक्रवार, ५ एप्रिल

विचारलं. दुपारच्या पिशवीला.

"आठवड्यातले तीन दिवस मी तिकडे पडले असते," ही म्हणाली, "तर दुकानात रीळ कुणी दिलं असतं तुम्हाला?"

पोटातून पाणी बाहेर येत होतं, पिशवीत पडल्याचा आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांच्या खोलीत, आपल्या जिवाचा निर्णय करताना, ही बाई माझ्या दोऱ्याचा विचार करत होती. लग्न केलं तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर मी दबूनच गेलो असतो.

म्हटलं, "तू हॉस्पिटलचं मशीन घे. तुला ते बरं वाटत असेल तर खुशाल घे. दुकानावर पाटी लावतो, फक्त काळे आणि पांढरे कपडे शिवून मिळतील. तेवढे दिसतात मला. खरंच सांगतो."

पाणी पुरतं बाहेर आलं, मी चिमटा लावला, नवी पिशवी सोडली. मग म्हणाली, "तेव्हा तुमच्यासाठी म्हटलं होतं. आता माझ्यासाठी म्हणते. मला घरचंच हवंय."

"का?"

"मशीनला बांधलं तर तीन दिवसांच्या वर कुठे जाता येत नाही. पिशव्या काय, कुठेही नेता येतात. मला लेकीकडे जायचंय. आठ दिवस नाही. महिनाभर. सुट्टीत नातीबरोबर राहायचंय, तिला रोज आवडीचं करून घालायचंय. हॉस्पिटल सोडलं तर अडतीस वर्षांत मी एक रात्र या दुकानाबाहेर झोपले नाही हो."

दुकान सोडवत नाही म्हणे हिला. मी वहीत लिहिलंय तसं, मागे आहे कुठेतरी. ते पान फाडावंसं वाटलं, पण राहू दे. माझं मलाच वाचायला ठेवतो.

मंगळवार, ९ एप्रिल

टाचणीला सगळं सांगितलं. तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांची अट अशी : दोघांनाही एकेकट्याने, दुसऱ्याने चकार शब्द न काढता, सगळं करता आलं पाहिजे. उद्या हिला ताप आला, गुंगी आली तर रंग कोण सांगणार? आणि ही लेकीकडे गेली की एकटीनेच करणार. तेवीस तारखेला परीक्षा. घरी येऊन टाचणी घेणार.

हिने आजच करून दाखवलं, माझ्यापेक्षा सफाईने. मी नुसता बघत होतो. अति तेथे माती, मीच हिच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं.

माझं घोडं अडलंय. टाचणी म्हणाली, रंग सोडा, प्रत्येक पिशवीवर आकडा असतो. हलकीवर दीड, मध्यमवर अडीच, कडकवर सव्वाचार. आकडे आहेत खरे, पण तिळाएवढे, आणि तेही पारदर्शक प्लॅस्टिकवर. रंग दिसतोय असं वाटत असताना आकडा वाचतो कोण? आता वाचायचा. चष्मेवाल्याने दिव्याचं भिंग दिलं. दीड आणि अडीच. जन्मभर टेपवर हेच वाचत आलोय.

शनिवार, १३ एप्रिल

कपाटाचं कुलूप कधीच काढलं. दाराच्या आतून जाड कापडाचा खिशांचा पडदा शिवून लावला. खिसे तीन रांगांत. पहिल्या रांगेच्या खिशांना एक बटण, दुसऱ्या रांगेला दोन, तिसऱ्या रांगेला तीन. बटणं हिने लावली, मी पडदा शिवला. भिंगातून आकडा वाचायचा, मग त्या खिशात घालायची. बोटांनीही कळतं, दिवे गेले तरी.

आंगड्याला कडीच्या जागी खिडकी कापली, बाहेरून कडी आणि आकडा दोन्ही दिसतात. टाचणी पडदा बघून म्हणाली, असे वीस शिवून द्याल का, माझ्या दुसऱ्या पेशंटांना हवेत. ही म्हणाली, "देतील, पण बटणं मी लावणार, म्हणजे तुम्हाला वाट बघावी लागेल." आम्ही तिघंही हसलो.

मंगळवार, २३ एप्रिल

परीक्षा झाली.

ही कॉटवर, मास्क लावून. टाचणीने बजावलं, "काकू, शब्द नाही, खूण नाही, खोकला नाही. मान हलवलीत तर नापास." मला पंधरा मिनिटं दुकानात बसवलं. मग आत बोलावलं. "काका, झोपतानाची पिशवी लावा."

हात धुतले. पाच वेळा, सांगायच्या आधी. खिडकी, पंखा, मास्क. कपाट उघडलं. झोपतानाची म्हणजे हिरवी, हिरवी म्हणजे दोन बटणं. खिसा बोटांनी चाचपला, दोन बटणं. पिशवी काढली, कोमट केली, आंगड्यात घातली, स्टँडला टांगली. सगळं बरोबर. टोपणाला हात घातला.

तेव्हा हिच्याकडे बघितलं. हिने दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली होती आणि छताकडे बघत होती. हलत नव्हती, काही नाही. घाबरली असेल म्हणून मी म्हटलं, घाबरू नको गं, येतं मला. आणि मग वाटलं, घाई कशाची आहे? भिंग काढलं. आंगड्याच्या खिडकीतून आकडा बघितला.

दीड.

पुन्हा बघितला. दीडच. दोन बटणांच्या खिशातून मी दीडची पिशवी काढली होती. पिशवी उतरवून टेबलावर ठेवली आणि टाचणीला म्हटलं, "ही हलकी आहे. खिशात चुकीची आहे. मी दुसरी काढतो."

टाचणी म्हणाली, "मीच घातली होती." आणि सही केली. बया!

मग मी अडीचची काढली, दोनदा वाचली, लावली. पाणी पोटात गेलं. टाचणीने काहीतरी लिहून घेतलं, आपली पर्स उचलली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "काका, मी हे पुष्कळ घरांत केलंय. निम्मे लोक ठेवलेल्या जागेवर विश्वास ठेवतात, पिशवी बघतच नाहीत." एवढं गोड ती आजपर्यंत बोलली नव्हती.

ती गेल्यावर हिने मास्क काढला. ओठ चावून लाल झाले होते, म्हणजे हिने तसं सांगितलं. "अडतीस वर्षं गप्प बसले," ही म्हणाली, "पण आजचं ते अर्धं मिनिट मला झेपलं नाही हो." आणि रडायला लागली. तोंड माझ्या खांद्यात घालून, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मी हिला जवळ घेतलं. नळीला धक्का लागू नये म्हणून जरा तिरकं.

मंगळवार, ३० एप्रिल

डॉक्टर म्हणाले, घरचंच चालू ठेवा.

लेकीकडे पिशव्यांचे खोके उद्या पोचतील. ही परवा निघणार. महिनाभर. लेक फोनवर रडत होती आणि मला रागावतही होती, की बाबा हे आधी का नाही. मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी ही प्रवासाची पिशवी भरत बसली होती. विचारलं, "जाऊ ना?"

"जा की."

"दोऱ्याचं काय करणार?"

"गिऱ्हाइकाला विचारीन. कापड धरीन, कपाट उघडून देईन आणि म्हणेन, साहेब, यातलं जुळतं रीळ तुम्हीच काढा, मला रंग कळत नाहीत."

ही माझ्याकडे बघत राहिली. "लाज नाही वाटणार?"

"वाटेल," म्हटलं. "जा तू."